पहिलं बाळंतपण: कळा सुरू होण्याआधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

मराठवाड्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि जालन्याची सून परभणीला, केजची सून औशाला येते. सात महिने जिनं तपासलं ती नर्सबाई मागं राहते. सोनोग्राफीचे रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. नव्या गावातल्या डॉक्टरांसमोर बसल्यावर बाईला सांगता येतं ते एवढंच, "सगळं नॉर्मल आहे म्हणले होते." मग एखाद्या रात्री कळा सुरू होतात. नवरा सासरी असतो, वडील गाडी शोधत असतात, आणि कुठं जायचं, किती पैसे लागतील, सही कुणी करायची हे सगळं त्या तासाभरात ठरतं. पोटात कळ असताना कुणालाच नीट विचार करता येत नाही, म्हणून हे निर्णय आधीच्या आठ-नऊ महिन्यांत घ्यायचे असतात. आणि ते जिच्या पोटात बाळ आहे तिनं घ्यायचे असतात. आत्याबाई, आई, नवरा यांनी तिच्यासोबत बसावं, पण तिच्या जागी बसू नये.

नैसर्गिक बाळंतपण हवं असं वाटत असेल तर ती अगदी रास्त इच्छा आहे. प्रकृती चांगली असलेल्या, बाळ डोक्याकडून खाली असलेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपण फारशी ढवळाढवळ न करता होऊ शकतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: अंगात पुरेसं रक्त, कळांना पुरेसा वेळ, आणि गरज पडली तर हाताशी मोठा दवाखाना. यातली तिसरी गोष्ट सोडून पहिल्या दोनवर भागतं असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा.

पहिली पायरी: नोंदणी आणि तारीख

"तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगू नको, दृष्ट लागते" असं घरात म्हणतात. पै-पाहुण्यांना कधी सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण आशाताईला पाळी चुकल्या-चुकल्या सांगा. बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नोंद झाली की माता व बाल संरक्षण कार्ड हातात येतं. खासगी डॉक्टरांकडं दाखवत असलात तरी हे कार्ड काढाच. लसी, वजन, बीपी, हिमोग्लोबिन सगळं त्यात एका जागी राहतं आणि दुसऱ्या गावी गेल्यावर तेच तुमच्या बाजूनं बोलतं. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, त्यासाठीही ही नोंद लागते.

पहिल्याच भेटीत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी होते. रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर 'अँटी-डी' इंजेक्शनाबद्दल तेव्हाच विचारून ठेवा. ते साधारण अठ्ठावीस आठवड्यांना आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांत घ्यायचं असतं. साखरेची तपासणी पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत होते. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात, त्यासाठी उपाशी जावं लागत नाही. धनुर्वाताचं (टीडी) इंजेक्शन चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा घ्यायचं.

तारखेकडं फार लोक दुर्लक्ष करतात आणि पुढं त्याचा त्रास होतो. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की अपेक्षित तारीख येते. नेमकी त्याच तारखेला जन्मणारी बाळं विसांत एखादंच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून पुढं कधीही आलेलं बाळ दिवस भरलेलं असतं. पाळीची तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवर आलेली तारीख सर्वांत भरवशाची. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर येणारी तारीख दोन-तीन आठवड्यांनी मागंपुढं असू शकते. तीच धरून "दिवस उलटून गेले" म्हणत कळा आणण्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि बाळ प्रत्यक्षात तयारच नसलं, तर पुढं सिझरची वाट मोकळी होते. खरोखर ४१ आठवडे पूर्ण झाले असतील तर मात्र कळा आणण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, तिथं नुसतं वाट बघणं धोक्याचं होत जातं.

बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांदरम्यान होते, ती चुकवू नका. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. त्या आकड्यामागं कुणाकुणाच्या सुनेला गप्प बसवलं गेलं हे आपल्याकडं प्रत्येकाला ठाऊक आहे. घरातून असा दबाव आला तर आशाताईशी किंवा नर्सबाईशी एकटीनं बोला.

दुसरी पायरी: अंगात रक्त भरणं

नॉर्मल बाळंतपणासाठी कुठला क्लास लावू, कुठलं तेल पिऊ असं मुली विचारतात. मी आधी हिमोग्लोबिन किती आहे ते विचारते. गरोदरपणात ११ च्या खाली ते कमी आणि ७ च्या खाली अतिशय कमी समजतात. बाळंतपणात थोडंफार रक्त प्रत्येकीचं जातं. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई तेवढं सहज पेलते, ६ असलेली बाई त्यातच दगावू शकते. अंगात रक्त नसेल तर कळा सोसायला दम राहत नाही, बाळाचं वजन भरत नाही आणि तालुक्याचा दवाखाना "जिल्ह्याला न्या" म्हणून कागद हातात ठेवतो. बाईनं मनाशी कितीही नॉर्मल ठरवलेलं असो, निम्म्या गोष्टी या एका आकड्यावर ठरतात.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर सहसा रोज दोन देतात. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर विसंबू नका, दवाखान्यात जा, तिथं शिरेतून लोह किंवा रक्त देण्याचा निर्णय होतो. या गोळीनं मळमळतं आणि शौच काळी होते, म्हणून बायका ती पदराआड टाकून देतात. शौच काळी होणं अपायाचं नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर झोपताना घ्या. चहा मात्र गोळीच्या आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको, चहा लोह अंगात जाऊच देत नाही. आपल्याकडं भाकरी खाऊन उठता उठता चहा लागतो, त्यामुळं ही एक सवय मोडली तरी मोठा फरक पडतो. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. चौथा महिना लागला की जंताची एक गोळी विचारून घ्या.

खाण्यात ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण आहेच. त्यात रोज एक पालेभाजी हवी: मेथी, शेपू, चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला, जे ज्या हंगामात मिळेल ते. वर लिंबू पिळा, लिंबानं लोह चांगलं अंगी लागतं. मटकी-मूग मोड आणून, शेंगदाणे, तीळ, आणि घरात चालत असेल तर अंडी, मटण, कलेजी. गुळातून थोडं लोह मिळतं, पण शेंगदाणा-गुळाचा लाडू खाल्ला म्हणजे गोळी नको असं होत नाही. अंगणवाडीतला आहार घरात सगळ्यांत वाटून संपतो, तो बाईच्याच ताटात पडेल हे नवऱ्यानं बघावं.

"आठव्या-नवव्यात कमी खा, बाळ मोठं झालं तर सुटका व्हायची नाही" हा सल्ला अजून दिला जातो. तो मोडून काढा. कमी खाल्ल्यानं बाळ अशक्त होतं आणि आईही. बाळाचं डोकं आईच्या कटीतून सहज येईल की नाही हे दोन घास कमी केल्यानं ठरत नाही. तसंच एरंडेल तेल पिऊन कळा येतात म्हणून नवव्यात पाजतात. त्यानं जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि बाळंतपणाआधीच बाई गळून जाते.

उन्हाळ्यात दिवस भरत आले असतील तर पाण्याकडं विशेष लक्ष द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, टँकरची वाट बघत रांग असते, आणि बाई लघवीला जागा नाही म्हणून पाणीच कमी पिते. त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि संसर्गानं दिवस भरायच्या आत कळा येऊ शकतात. सावलीत राहा, ताक प्या, भरलेला हंडा दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावा. चालणं मात्र बंद करू नका. सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास चाला, रोज थोडा वेळ उकिडवं बसायची सवय ठेवा. हजारो रुपयांचे वर्ग लावायची ऐपत नसेल तर खंत करू नका, या दोन गोष्टींनी शरीर चांगलं तयार होतं.

तिसरी पायरी: जागा निवडणं

आपल्याकडं उतरंड अशी: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, काही ठिकाणी वेगळं स्त्री रुग्णालय, आणि त्यावर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय), नांदेड आणि लातूरची शासकीय महाविद्यालयं. सगळं सुरळीत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही उत्तम बाळंतपण होतं. पण सिझर आणि रक्त देण्याची सोय तिथं नसते.

म्हणून आधी स्वतःची जोखीम बघा. आधीचं सिझर, जुळं, बाळ आडवं किंवा पायाळू, बीपी, साखर, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, वार (प्लॅसेंटा) खाली असणं, आधी पोटात बाळ गेलेलं असणं, वय अठराच्या आत किंवा पस्तिशीच्या पुढं, यातलं काहीही असेल तर सिझर आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच बाळंत व्हायचं ठरवा. आपल्याकडं अजूनही अठरा पुरण्याआधी लग्नं लावतात आणि मग कार्डावर वय वाढवून सांगतात. खोट्या वयामुळं नर्सबाईला जोखीमच दिसत नाही आणि भोगावं त्या पोरीला लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत किमान एकदा तरी त्या दिवशी जाऊन "माझी जोखमीत गणती होते का" असं सरळ विचारा.

घरी बाळंत व्हावं का? माझं मत स्पष्ट आहे, नको. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, सगळं चांगलं असलेल्या बाईलाही होतो, आणि तो अंगावर आला की हातात दोनएक तास असतात. पाटोद्याच्या किंवा किनवटच्या वाडीवरून दोन तासांत मोठा दवाखाना गाठणं किती अवघड आहे हे तिथल्या लोकांना सांगायला नको. घरच्यासारखं मोकळेपण दवाखान्यात मागून घेता येतं. रक्ताची पिशवी घरी आणता येत नाही.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी फुकट आहे. गाडीसाठी १०२ आणि आणीबाणीत १०८. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर "या योजनेत हे मिळतं ना?" एवढंच शांतपणे विचारा.

खासगीकडं जायचं असेल तर एक आकडा माहीत असू द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझरनं झाली, खासगीत ४७.४ टक्के. खासगीत काही अवघड बायकाही जात असतील, तरी एवढा फरक त्यानं भरून निघत नाही. सगळेच खासगी डॉक्टर घाईनं सिझर करतात असं मी म्हणणार नाही. रात्र-रात्र बाईजवळ थांबणारे डॉक्टर लहान गावांतही आहेत. ते शोधायचे तर विचारावं लागतं. सहाव्या-सातव्या महिन्यात पुढचे प्रश्न घेऊन जा:

– पहिलटकरणींपैकी साधारण किती जणींचं तुमच्याकडं नॉर्मल होतं?
– रात्री दोन वाजता कळा आल्या तर दवाखान्यात कोण असतं? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात?
– रक्त कुठून आणावं लागतं?
– आई किंवा नवरा कळांच्या वेळी जवळ थांबू शकतात का?
– नॉर्मलचे आणि सिझरचे एकूण किती पैसे होतात?

उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत जास्त सांगून जाते. "तुम्ही कशाला काळजी करता, आमच्यावर सोडा" एवढंच ऐकू आलं आणि पुढं काहीच नाही, तर दुसरा दवाखाना बघायला वेळ आहे. सातव्या महिन्यात विचारायचं ते याचसाठी. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावलेली असायला हवी, ती आहे का तेही बघून घ्या.

माहेरी जाताना, कोयत्यावर जाताना

माहेरच्या दवाखान्याची पहिली भेट कळा येण्याआधी झाली पाहिजे. शक्यतो बत्तीस आठवड्यांच्या आसपास, सगळे कागद घेऊन. कार्ड, सोनोग्राफीचे सर्व रिपोर्ट, रक्तगट, आधार, बँक पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि भावाच्या मोबाइलवर ठेवा. सासरच्या आशाताईनं माहेरच्या आशाताईला एक फोन केला तर फार कामं सोपी होतात, तिला तशी विनंती करा.

बीड, धाराशिव, परभणी, जालन्यातून दिवाळीच्या सुमारास जोड्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गरोदर बाईला कोयत्यावर न्यावं लागू नये हेच खरं. पण उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते आणि जावंच लागतं. मग निदान एवढं करा: कारखान्यावर पोचल्याच्या आठवड्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठं आहे ते बघा, तिथं कार्ड दाखवून तपासणी चालू ठेवा, गोळ्या तिथूनही फुकट मिळतात. सातव्या महिन्यानंतर मोळ्या डोक्यावर नको. कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) बाळंत व्हायची वेळ येऊ देऊ नका. त्यासाठी महिनाभर आधी गावाकडं परतायचं की तिथल्याच दवाखान्यात जायचं हे मुकादमाशी अगोदर बोलून ठरवा.

चौथी पायरी: कळांच्या खोलीत काय हवं ते सांगून ठेवणं

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाळंतपणातल्या काळजीबद्दल सविस्तर शिफारशी दिल्या. त्यातल्या बऱ्याच गोष्टी फुकट आहेत, यंत्र लागत नाही, फक्त मागाव्या लागतात.

पहिली मागणी, सोबत. विश्वासाची एक बाई कळांच्या वेळी सतत जवळ असली तर नॉर्मल बाळंतपणाची शक्यता वाढते, कळा सुसह्य होतात. सरकारी दवाखान्यांत अशी सोबत ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ मध्येच मान्यता दिली आहे. सोबत कोण, हे तुम्ही ठरवा. धीर देणारी मावशी, "अगं ओरडू नको, लोक काय म्हणतील" म्हणणाऱ्या नात्यातल्या बाईपेक्षा बरी. तिनं पाठ चोळायची, पाणी पाजायचं, श्वास मोजायचा आणि तुमच्या वतीनं विचारायचं.

दुसरी, हालचाल. कळा सुरू असताना चाला, भिंतीला टेकून उभ्या राहा, गुडघ्यांवर वाका. उताणं पडून राहिलं की कळा जास्त जाणवतात. आपल्याकडच्या जुन्या सुइणी बाईला उकिडवं बसवायच्या, त्यात शहाणपण होतं. तुम्हाला कुठली स्थिती बरी वाटते ते सांगा. सगळं ठीक चाललं असेल तर थोडं खायला-प्यायलाही हरकत नसते.

तिसरी, पोट दाबू नका. बाळ लवकर यावं म्हणून वरून पोट दाबणं सुइणी करायच्या आणि काही दवाखान्यांत अजूनही होतं. या शिफारशींत ते करू नये असंच सांगितलं आहे. प्रत्येक पहिलटकरणीला खाली काप देऊन टाके घालणंही सरसकट नको, गरज असेल तरच. एनिमा आणि केस काढणंही नेहमीचं म्हणून करायची गरज नाही.

चौथी, बाळ आल्यावर. नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबणं म्हणजे बाळाला वारेतलं त्याचं स्वतःचं थोडं जास्तीचं रक्त, पुढं लोह. बाळ पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर, आणि तासाभराच्या आत अंगावर पाजणं.

हे सगळं अर्ध्या पानावर मराठीत लिहा आणि नवव्या महिन्यातल्या भेटीत डॉक्टरांना, नर्सबाईंना वाचून दाखवा. हुकूम म्हणून नाही, "जमेल तिथं असं व्हावं" म्हणून. अर्ध्या रात्री चार बाळंतिणी एकटी सांभाळणाऱ्या सिस्टरशी भांडून काही मिळत नाही. आधी ओळख झालेली असली की तीच आपल्या बाजूनं उभी राहते.

पाचवी पायरी: कळा सुरू झाल्यावर

नवव्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखं होतं आणि सैल पडतं. थोडं चाललं, पाणी प्यालं, कूस बदलली की थांबत असेल तर त्या खोट्या कळा. खऱ्या कळा थांबत नाहीत, वाढतात, जवळजवळ येतात, कंबरेतून पुढं येतात. पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी, जवळजवळ मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत असतील तर निघायची वेळ झाली. दवाखाना लांब असेल, रस्ता खराब असेल तर त्याआधीच निघा.

फार लवकर भरती होण्याचाही तोटा आहे. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ लांबू शकतो, कधी एक-दीड दिवसही. त्यात नुसती गती कमी आहे म्हणून बाईच्या अंगात काही बिघाड आहे असं होत नाही. पाच सेंटिमीटरनंतर पहिलटकरणीला बारा तासांपर्यंतचा वेळ साधारण मानतात. पण भरती होऊन पलंगावर पडलेल्या बाईभोवती नातेवाइकांची गर्दी जमते, "अजून नाही? अजून नाही?" सुरू होतं, आणि घाई सगळ्यांनाच लागते. आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर दर वेळी एवढंच विचारा, "बाळाचे ठोके बरोबर आहेत का? थांबलं तर चालेल का?"

गावातल्या डॉक्टरकडून घरीच कळा वाढवायचं इंजेक्शन घेऊ नका. हे अगदी कळकळीनं सांगते. ते औषध चांगलं आहे, पण सलाइनमधून थेंब मोजून, ठोके ऐकत, सिझरची सोय जवळ असताना द्यायचं असतं. दंडात टोचलं तर ते परत घेता येत नाही, पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

कळांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा अशा गोष्टी: अंगावरून रक्त जाणं, पाणमोट फुटणं (विशेषतः पाणी हिरवट असेल तर), बाळाची हालचाल कमी होणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, बेंबीच्या वर दुखणं, झटके, ताप, ३७ आठवड्यांच्या आत कळा. यात मुहूर्त, अमावस्या, घरचा कर्ता शेतातून येईपर्यंत थांबणं, काहीही आड येऊ देऊ नका.

सिझर सुचवलं तर

"डॉक्टर सिझर करायचं म्हणायलेत, काय करावं?" असा फोन माहेराहून सासरी जातो. फोन करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कारण काय, लगेच करावं लागेल की थोडा वेळ आहे, आणि थांबलं तर काय होऊ शकतं.

बाळाचे ठोके बिघडलेत, वार सुटलीय, नाळ बाहेर आलीय, बाळ आडवं आहे, झटके आलेत, पूर्ण तोंड उघडूनही बाळ खाली सरकत नाही असं उत्तर आलं तर सही करा. अशा वेळी सिझर जीव वाचवतं. तिथं नॉर्मलचा हट्ट धरणं, सासरच्यांचा निरोप येईपर्यंत ताटकळणं, बाळाच्या जिवावर बेततं. कायद्यानंही शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याच्या सहीसाठी अडायचं कारण नाही.

"नाळ गळ्याभोवती आहे" एवढंच कारण आलं तर आणखी विचारा. चार-पाच बाळांमागं एकाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि बहुतेक नॉर्मल येतात. "बाळ मोठं आहे" असेल तर अंदाजे वजन किती आणि साखर आहे का ते विचारा, सोनोग्राफीवरचं वजन चुकू शकतं. "पाणी कमी आहे" असेल तर किती कमी आणि ठोके कसे, ते विचारा. वेळ असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. मुहूर्त काढून सिझर करू नका. ३९ आठवडे भरण्याआधी विनाकारण काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि पंचांग बघणाऱ्यांना अशा बाळाला ठेवतात ती काचेची पेटी बघावी लागत नाही.

सिझर झालंच तर मन खट्टू करून घेऊ नका. पोट फाडून बाळ जन्माला घालणाऱ्या बाईला "तुला कळाच सोसल्या नाहीत" असं कुणी म्हणत असेल तर घरातल्या मोठ्यांनी तिथंच त्याला थांबवावं.

बाळंतपण झाल्यावर, थोडक्यात

वार पडण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन नाकारू नका, रक्तस्राव त्यानं कमी होतो. पहिला पिवळसर चीक फेकायचा नाही, मध-गुटी-साखरपाणी काही नाही. बाळंतिणीला पाणी कमी देणं, अंधाऱ्या खोलीत शेगडीच्या धुरात कोंडणं बंद करा. डिंक-खोबऱ्याचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्या, पण त्यासोबत भाजी-भाकरी आणि भरपूर पाणी. लोहाची गोळी पुढं सहा महिने. दिवसेंदिवस रडू येणं, बाळाकडं बघावंसंच न वाटणं हा आळस किंवा नखरा नसतो. पंधरा दिवसांत कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्या. आणि घरी निघताना डिस्चार्ज कार्ड नीट वाचून मगच पिशवीत टाका. सिझर झालं असेल तर त्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: सिझर का केलं ते कारण, आणि गर्भपिशवीवरचा छेद आडवा की उभा. पुढच्या वेळी नॉर्मल शक्य आहे का, हे डॉक्टर याच दोन ओळींवरून सांगतात, आणि आडव्या छेदाच्या एका सिझरनंतर अनेक जणींचं मोठ्या रुग्णालयात नॉर्मल होतं. त्या ओळी कोऱ्या असतील तर निघण्याआधी लिहून मागा, मिळेपर्यंत रिक्षा दारात थांबू द्या.